बाटलीवरची यादी

खारोडी, मालाड (पश्चिम)
१८ मार्च

प्रिय मेलनी,

शाळा सुटल्यापासून मी एवढं लांब पत्र कुणालाच लिहिलेलं नाही. वॉरेनने ऑफिसातून कोरे कागद आणून दिले आणि विचारलं, की फोन करायचा सोडून हे काय नवीन. तू माझा फोन उचलत नाहीस हे त्याला माहीत आहे, तरी विचारतो. मी म्हटलं, बहिणीशी तू बोलतोस ना, मग मला कागदावर बोलू दे. कुरिअरवाला म्हणतो, आयर्लंडला आठ दिवसांत पोहोचेल. म्हणजे दोन तारखेच्या आधी तुझ्या हातात पडायला हवं.

दोन तारखेचं मला वॉरेननेच रविवारी सांगितलं. एलेन कशाने गेली हे ठरवणारे जे अधिकारी आहेत, त्यांच्यासमोर तू उभी राहून सांगणार आहेस, की चूक माझी होती. तू म्हणणार, तीळ लावलेला पाव मी कापला, तीच सुरी न धुता कांदा चिरायला घेतली, आणि त्या कांद्याच्या रश्श्याने माझी मैत्रीण गेली. तिच्या आईलाही तू तसं लिहून कळवलंस. हे एकदा झालं की कॉलेज सोडून घरी येणार, पुन्हा पुस्तक हातात धरणार नाही, असंही ठरवलं आहेस म्हणे. दोन महिने तू गॅसजवळ गेलेली नाहीस. दुधात पाव बुडवून खातेस, तेही कुणी आठवण केली तर. वॉरेनने मला तुझा फोटो दाखवला. गळ्याची हाडं दिसतात गं तुझी. मी फोटो परत दिला आणि भांडी घासायला गेले.

सप्टेंबरमध्ये गेलीस तेव्हा दिवसातून दोनदा फोन करायचीस. चौघींत मिळून एक फ्रिज, प्रत्येकीला एक फळी, आणि तुझ्या फळीवर घरमालकाने आधीच तुझ्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेली. त्या रिकाम्या फळीकडे बघून रडू आलं म्हणालीस. कॉलेजात दुपारी सगळे थंडगार सँडविच खातात, तेही चालता चालता, कुणी बसतसुद्धा नाही. कोंबडी मिळते पण आजाऱ्यासाठी उकडल्यासारखी. बटाटे तेवढे दहा तऱ्हांचे. मग एका रविवारी तू हिय्या करून लसणाची फोडणी दिलीस, तर छतावरचा धुराचा भोंगा वाजला आणि सगळी बिल्डिंग थंडीत खाली येऊन उभी राहिली. तू ते सांगत होतीस तेव्हा डॅडी हसून हसून खोकायला लागले. त्यानंतर कितीतरी दिवस जेवायला बसले की ते मला विचारायचे, भोंगा वाजला का गं आपला.

त्याच थंडीत एलेनने तुला स्वतःचा कोट दिला होता. तुम्ही एकाच घरात राहत होतात, पण तोवर नुसतं हाय-बाय होतं. गावाकडची पोर, घरी साठ गायी. डॅडींनी विचारलं, आरे कॉलनीत असतो तसा गोठा असतो का, तर तिने लगेच वडिलांकडून व्हिडिओ मागवून पाठवला. तिने तुला सोडा घालून पाव करायला शिकवला, तू तिला आपले मैद्याचे फुगे तळायला शिकवलेस. आपल्याकडे लग्नात करतो तसे गोल नाही जमले, पण तिने आठ खाल्ले. व्हिडिओ कॉलवर मला हात हलवून मम्मा म्हणायची. तिच्या आईच्या स्वयंपाकघराचा फोटो तू दाखवलास तेव्हा मी चाटच पडले. भिंतीवर आपल्यासारखंच येशूच्या पवित्र हृदयाचं चित्र आणि त्याच्याखाली तसाच छोटा लाल दिवा. मी डॅडींना म्हटलं, आपली मेलनी परक्यांत नाही पडली.

ती दुकानातलं प्रत्येक पाकीट उलटं करून, त्यावर बोट ठेवून, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते, हे तू मला गंमत म्हणून सांगितलं होतंस. का वाचते ते मी विचारलं नाही. मला वाटलं, हल्लीच्या मुलींचं असतं काहीतरी, जाड होण्याची भीती. तिला तिळाने जिवावर बेतायचं, ती बॅगेत इंजेक्शन घेऊन हिंडायची, हे मला ती गेल्यावर समजलं. तू मला सांगितलं नव्हतंस असं मी दोन महिने स्वतःला बजावत आले. पण तू सांगायला निघाली होतीस, आणि मी तुला बोलू दिलं नाही.

आता मसाल्याचं लिहिते. तू लहानपणापासून तो होताना बघितलास, तरी तुला तो पूर्ण माहीत नाही. एप्रिलमध्ये मिरच्या उन्हात घालायच्या, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कांडून आणायचा आणि बियरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचा. इथपर्यंत तू सगळ्यात असायचीस, शिंका देत. पण गावठाणात प्रत्येक घराचा मसाला निराळा असतो, आणि कुणी विचारलं तर नाही म्हणायचं नसतं, ते वाईट दिसतं. नावं सांगायची, हसून सांगायची, फक्त तीन गाळून सांगायची. कुठली तीन, ते ज्याच्या त्याच्या घरात ठरलेलं. समोरच्या बाईलाही माहीत असतं की तीन कमी आहेत, तीही आपली तीन गाळूनच सांगते. यात खोटं बोलतोय असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

तुझ्या आजीने मलासुद्धा लग्नानंतर अकरा वर्षं तीन कमी सांगितली. भाजायची वेळ आली की मला मिरच्या बघायला गच्चीवर पाठवायची आणि तेवढ्यात आपल्या तीन पुड्या कढईत टाकायची. मला राग यायचा. ती अंथरुणाला खिळली तेव्हा एका दुपारी जवळ बोलावून तिने मला तीन नावं सांगितली आणि बजावलं, की लेकीला सांगू नकोस, लेक दुसऱ्या घरी जाते, वॉरेनच्या बायकोला सांग. मी मनात म्हटलं, मसाला आहे की सोन्याची खाण. पण मान डोलावली. आणि म्हातारी गेल्यावर मी तिच्यापेक्षा कडक झाले. ज्या गोष्टीवर मी अकरा वर्षं धुसफुसले, तीच मी तुझ्याशी केली.

जानेवारीत तुझा फोन आला तेव्हा मी बाजारातून परत येत होते. तू म्हणालीस, मसाल्यात काय काय आहे ते सगळं लिहून पाठव, एलेनला हवंय. चार महिने ती तुझ्या रश्श्याचा नुसता वास घेत होती, आता तिला खाऊन बघायचा होता, हे मला काय ठाऊक. मला वाटलं, कृती मागतेय. घरी येऊन मी चष्मा लावून एकवीस नावं टाइप केली. दगडफूल, नागकेसर, मायपत्री, सगळी. तू एकेकाचं इंग्रजी नाव शोधून बारीक अक्षरात यादी केलीस, बाटलीवर चिकटवलीस आणि मला फोटो पाठवलास. तुझं अक्षर किती सुरेख आलं होतं. मी तो फोटो मिस्सेनंतर चर्चच्या दारात बायकांना दाखवला.

दोन दिवसांनी तू परत फोन केलास. म्हणालीस, मम्मा, यात तीळ नाहीत ना, नक्की? मी दचकलेच. इतक्या जिनसांतून तू नेमकं तेच नाव घेतलंस. माझ्या डोक्यात एकच आलं, की त्या पोरीने चव ओळखली, आता सगळं बाहेर पडणार. मी फणकाऱ्याने म्हटलं, तीळ कसले, आपण काय संक्रांत करतो? तू म्हणालीस, अगं नाही, कारण तिला, आणि मी तुला तोडलं. मिस्सेला उशीर होतोय, ठेव आता, म्हणाले. उशीर बिशीर काही होत नव्हता मेलनी. मी चप्पल काढून पंख्याखाली बसले होते.

आपल्या मसाल्यात तीळ आहेत. तीळ, खसखस आणि गहू, ही ती तीन. पायलीच्या मिरच्यांना ओंजळभर तीळ, चांगले तांबूस भाजलेले, म्हणून रस्सा दाट होतो आणि सगळे विचारतात की हे कसं काय. तुझी सुरी स्वच्छ होती की नव्हती याने काहीच फरक पडत नव्हता. ती गेली त्या शनिवारी तू बाटलीच्या तळाचा मसाला चमच्याने खरवडून रश्श्यात टाकलास, एलेनने आधी बाटली हातात घेऊन तुझी यादी वाचली असणार, बोट ठेवून, आणि मग जेवायला बसली असणार. बाटली तू धुऊन ठेवलीस, म्हणून तपासायला कुणाच्या हाताला काही लागलं नाही. पावाची सुरी तेवढी समोर होती.

वॉरेन फोन ठेवून खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला, तीळ पोटात गेले होते म्हणे. मी बोंबील साफ करत होते. मी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि उरलेले बोंबील साफ करायला घेतले. त्या दिवसापासून तुला सगळे सांगताहेत की तुझा दोष नाही, मीही व्हॉइस मेसेज पाठवून तेच सांगत राहिले. ते खरं का आहे हे सगळ्या जगात मला एकटीला माहीत होतं, आणि तेवढंच मी सोडून देत होते. तू सुरीचं शोधून काढलंस तेव्हा मला हायसं वाटलं. हे लिहायला मला तीन दिवस लागले, पण वाटलं होतं, देव साक्षी आहे. माझी पोर रडत होती आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

फादरांना मी कन्फेशनमध्ये सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, प्रार्थना सांगितल्या, क्षमा दिली. बाहेर आले तर मला काही हलकं वाटलं नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांनी काही ऐकलेलंच नव्हतं, मग फादरांची क्षमा मी कुठे ठेवू? डॅडींना अजून माहीत नाही. हे पत्र कुरिअरला दिलं की आज संध्याकाळी त्यांना सांगेन. ते काय करतील, माझ्याशी बोलतील की नाही, मला काही सांगता येत नाही. घरात मसाल्याच्या चार बाटल्या शिल्लक आहेत. मी बाजारातली पूड वापरते, आणि ते रोज म्हणतात, की अँजेलिना, तुझ्या हाताची चव गेली.

तू मला माफ कर असं मी लिहिणार नाही. घरी ये असंही म्हणणार नाही, आणि येऊ नको असंही नाही. तुझी मैत्रीण मी परत आणू शकत नाही, तुझे हे दोन महिनेही नाही. तू पुन्हा कधी पोटभर जेवशील, कुणाला हाताने करून वाढशील, याची मला आता आशा वाटत नाही, आणि ते मी तुझ्याकडून काढून घेतलं आहे. पण जे तू केलंच नाहीस ते तू त्या लोकांसमोर उभं राहून कबूल करणार असशील, तर ते मी होऊ देणार नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू मला वाचवायला सगळं पोटात ठेवलं असतंस, मी ओळखते तुला. म्हणून कागदावर, माझ्या अक्षरात, खाली सही करून लिहिते आहे. दोन तारखेला हा कागद त्या अधिकाऱ्यांच्या हातात दे. आणि त्याआधी गाडी पकडून एलेनच्या घरी जा, तिच्या आईला हे सगळं इंग्रजीत वाचून दाखव, माझ्यासाठी एकही शब्द मऊ न करता. इथून पुढे आहे ते तिच्यासाठी लिहिलं आहे. बाई, मला तुमचं नावसुद्धा माहीत नाही. माझ्या मुलीने तुमच्या मुलीसाठी मला एकदा नाही, दोनदा विचारलं. तिने जेवढी काळजी घ्यायची तेवढी सगळी घेतली. तीळ नाहीत असं मी सांगितलं, आणि सांगताना मला माहीत होतं की आहेत.

तू म्हणशील तरच तुझी,
मम्मा
(अँजेलिना रोझारिओ)