एका कानापुरत्या प्रसारणाबाबत

प्रति,
मा. संचालक,
काउंटी क्रीडांगण प्राधिकरण,
वेदरबी काउंटी, ओहायो.

अर्जदार : सौ. सुवर्णा गिरीश ठोसर, वय ६९, निवृत्त क्रीडाशिक्षिका, मूळ गाव अमरावती.
लेखनिक : श्री. गिरीश ठोसर, अर्जदारांचे पती, निवृत्त अव्वल कारकून, तहसील कार्यालय.

विषय : क्रीडांगणात दृष्टिहीन प्रेक्षकांना माणसाच्या तोंडून सामन्याचे वर्णन पुन्हा मिळावे व श्री. डेनिस हॅलोरन यांच्यावरील प्रवेशबंदी उठवावी, याबाबत.

संदर्भ : १) क्रीडांगणाचा भाडेकरार, कलम १४.
२) अर्जदारांची दि. ११ जून २०२५ ची तक्रार व तिला आलेले उत्तर.
३) व्यवस्थापनाचे दि. २५ ऑगस्ट २०२५ चे पत्र.

महोदय,

काउंटीच्या नियमानुसार रहिवाशाला आपल्या भाषेत अर्ज करता येतो आणि भाषांतराचे काम कार्यालयाकडे असते, म्हणून हा अर्ज मराठीत आहे. अर्जदारांना दिसत नाही. त्यांनी सांगायचे आणि पतीने लिहायचे असे ठरले. पतीने चौतीस वर्षे लोकांचे अर्ज वाचले, स्वतः लिहिण्याची ही पहिलीच वेळ. अर्जदारांचे जे शब्द सरकारी कागदावर शोभले नसते ते सौम्य केले आहेत. काही ठिकाणी त्यांनी सौम्य करू दिले नाहीत.

१. अर्जदारांनी अमरावतीत मुलींच्या शाळेत सत्तावीस वर्षे सॉफ्टबॉल शिकवला. हा खेळ बेसबॉलसारखाच असतो, फक्त चेंडू मोठा आणि मैदान लहान. शाळेत खेळाडू नऊ आणि ग्लोव्ह चार होते. उरलेल्या पाच मुली उघड्या हातांनी चेंडू झेलत आणि संध्याकाळी हातांना हळद लावून घरी जात. त्या मुली तीनदा राज्य स्पर्धेपर्यंत पोचल्या. २०१३ साली अर्जदार मुलाकडे या शहरात राहायला आल्या. पहिल्याच महिन्यात मुलाने त्यांना आपल्या बेसबॉल संघाचा, म्हणजे हेरन्सचा, सामना दाखवला. त्या दिवशी त्यांनी पतीचा दंड धरून एकच वाक्य चार वेळा म्हटले, "अहो, इथं तर नऊच्या नऊ जणांकडे ग्लोव्ह आहे!" तेव्हापासून दर रविवारी घरचा सामना असला की अर्जदार मैदानात असतात.

२. पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी जात जात २०१९ च्या हिवाळ्यात पूर्ण गेली. घरच्यांना वाटले, आता हे मैदान सुटले. पण प्रवेशद्वार सहाजवळ दृष्टिहीनांसाठी एक छोटे यंत्र मिळत असे. ते कानाला लावले की श्री. डेनिस हॅलोरन यांचे वर्णन थेट ऐकू येई. या गृहस्थांनी एकतीस वर्षे हेरन्सचे सामने आणि हिवाळ्यात याच मैदानावर आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे, म्हणजे फोर्जमेनचे, सामने बोलून दाखवले. चेंडू टाकणाऱ्या पिचरने टोपी किती वेळा काढली, वारा कुठून आहे, मैदानाची डावी बाजू राखणारा लेफ्ट फील्डर कुंपणापासून किती पावले उभा आहे, हे सगळे ते सांगत. बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज आला की अर्जदार आधी पुटपुटत, "उजवीकडे, उंच, झेल जाणार." मग हॅलोरन काय म्हणतात ते ऐकत. दहांतल्या आठ वेळा दोघांचे जमे. नंतर गर्दीतून घरी जाताना त्यांचा चेहरा असा असे, की लेखनिकाला अमरावतीच्या मैदानावरची शिट्टी गळ्यात घातलेली बाई आठवे.

३. २०२२ साली दोन्ही संघ एकाच कंपनीने विकत घेतले. इथून पुढे अर्जदारांनी लेखनिकाला पेन हलके धरू दिलेले नाही. नव्या व्यवस्थापनाने "प्रेक्षक आभार दिन" साजरा केला, सगळ्यांना टोप्या वाटल्या आणि तिसऱ्या दिवशी संघातला एकमेव धड पिचर दुसऱ्या शहराला देऊन टाकला. त्या टोपीवर त्याच पिचरचे चित्र होते. दर वर्षी "संघाची नव्याने बांधणी चालू आहे" असे पत्रक निघते. अर्जदारांचे म्हणणे असे, की चार वर्षे बांधणी चालू असून वीट एकही लागलेली नाही. वीट आलाय तो फक्त लोकांना. फुटबॉलची तऱ्हा याहून वाईट. चार वर्षांत चार मुख्य प्रशिक्षक झाले. विद्यापीठातून गाजत आलेला एकवीस वर्षांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, त्यांनी आणला आणि त्याच्यापुढे उभे राहून त्याला वाचवणारी माणसे आणायची विसरले. पहिल्या हंगामात पोराचा खांदा दोनदा निखळला. तिसऱ्या हंगामात त्याला काढताना व्यवस्थापन म्हणाले की त्याच्यात जिद्द कमी आहे. अर्जदार रेडिओ बंद करून म्हणाल्या, "मी माझ्या मुलींना असं वागवलं असतं ना, तर आयांनी मला शाळेच्या फाटकात धरून बदडलं असतं. आणि बरोबर केलं असतं." हे वाक्य सौम्य केलेले नाही.

४. एवढे होऊनही अर्जदारांनी कधी तक्रार केली नाही. हरणारा संघ आपला असतो, असे त्या म्हणत. मात्र यंदा जानेवारीत व्यवस्थापनाने श्री. हॅलोरन यांना काढून टाकले. एप्रिलमध्ये प्रवेशद्वार सहावर सांगण्यात आले की जुनी यंत्रे बंद झाली, आता फोनवर ॲप घ्यावे. त्या ॲपमधून हॅलोरन यांचाच आवाज आला. अर्जदारांचा चेहरा उजळला. अर्ध्या इनिंगनंतर, म्हणजे एका संघाची बॅटिंग झाल्यावर, त्यांनी कानातले काढून पतीच्या हातात ठेवले आणि विचारले, "हा माणूस श्वास का घेत नाही?"

तो माणूस नव्हता. संगणकाने जुन्या ध्वनिफितींवरून त्यांचा आवाज तयार केला होता. तो आवाज गर्दी ओरडून शांत झाल्यावर सांगतो की चेंडू मारला गेला. त्याला वारा ठाऊक नाही आणि लेफ्ट फील्डरची पावलेही नाहीत. जिवंत माणसाला घरी बसवायचे आणि त्याचा गळा कामाला लावायचा, या प्रकाराची अर्जदारांना शिसारी आली. तरीही दुसरा उपाय नसल्याने त्या तेच ऐकत राहिल्या.

५. रविवार, दि. ८ जून. सातवी इनिंग. समोरच्या संघाच्या बॅटरने उंच चेंडू मारला. आपला लेफ्ट फील्डर, बावीस वर्षांचा नवखा मुलगा, मागे धावत गेला आणि त्याचे डोके कुंपणावर आदळले. चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये होता, पण तो उठला नाही. तीस हजार माणसे गप्प झाली. त्या शांततेत अर्जदारांच्या कानातल्या आवाजाने आनंदाने जाहीर केले की हेरन्सचा होमरन झाला, चेंडू थेट कुंपणापार गेला आहे. अर्जदार उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या.

लेखनिकाने त्यांचा हात धरायला चार-पाच सेकंद लावले. त्याचे लक्ष मैदानाकडे होते, ही त्याची चूक. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक गृहस्थ मागे वळून ओरडला, "काय झालंय काय तुम्हाला? पोरगं मेलं असेल तिथं!" अर्जदारांना इंग्रजी चांगले कळते. त्या बसल्या. स्ट्रेचर आले, मुलाने अंगठा वर केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा अर्जदारांचे हात मांडीवर तसेच पडून होते. घरी नात केया हिने जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाल्या, "मला आता कुठं टाळी वाजवायची तेसुद्धा कळत नाही. मी नाही जाणार तिथं परत." पन्नास वर्षांच्या संसारात लेखनिकाने त्यांना हार मानताना पाहिले नव्हते.

६. दि. ११ जून रोजी नातीने इंग्रजीत तक्रार पाठवली. उत्तर नऊ मिनिटांत आले. "प्रिय सुवर्णा, ८ जूनच्या सामन्याचा आपण आनंद लुटलात हे वाचून आम्हांला फार आनंद झाला," अशी त्याची सुरुवात होती. सोबत दोन हॉटडॉगचे कूपन होते. अर्जदार शाकाहारी आहेत. दुसऱ्या तक्रारीला तेच उत्तर आले, फक्त हॉटडॉग चार झाले.

७. अखेर लेखनिक स्वतः व्यवस्थापनाच्या कार्यालयात गेला. तेथे प्रेक्षक संपर्क विभागात नीना नावाची मुलगी भेटली. तिचे आईवडील ठाण्याचे, जन्म इथला. तिने सगळे ऐकले आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन अर्जदारांजवळ बसली. "काकू, आय ॲम सो सॉरी. मी मीटिंगमध्ये बोलले होते, कोणी ऐकलंच नाही. मला काही लिहून देता येणार नाही, पण लीज पब्लिक आहे. काउंटीच्या वेबसाइटवर आहे. क्लॉज फोर्टीन वाचा, प्लीज." नात व लेखनिक यांनी ते वाचले. मैदान काउंटीच्या मालकीचे आहे, आणि कलम १४ प्रमाणे भाडेकरूने दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी प्रत्येक सामन्यात जिवंत निवेदक ठेवणे बंधनकारक आहे. "जिवंत" हा शब्द करारातलाच आहे.

८. नीनाने आणखी एक गोष्ट केली. तिने श्री. हॅलोरन यांना घडले ते सांगितले. दि. १३ जुलैला अर्जदार घरीच होत्या. दारावरची घंटा वाजली आणि बाहेरून आवाज आला, "मॅडम, सामना एक वाजता आहे, आणि वारा लेफ्ट फील्डकडे वाहतोय." अर्जदारांनी दार उघडले. मग त्यांनी विचारले, "तुम्ही श्वास घेता ना?" तो माणूस हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. अर्जदार चपला शोधू लागल्या.

त्या दिवशी, दि. २७ जुलैला आणि दि. १० ऑगस्टला श्री. हॅलोरन यांनी स्वतःचे तिकीट काढले, अर्जदारांच्या डाव्या बाजूस बसले आणि त्यांच्या कानाशी हळू आवाजात सामना सांगितला. हेरन्स तिन्ही सामने हरले. अर्जदारांना इतक्या आनंदात लेखनिकाने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. दि. २४ ऑगस्टला पाचव्या इनिंगमध्ये दोन सुरक्षारक्षक आले. त्यांनी श्री. हॅलोरन यांना सांगितले की परवानगीशिवाय सामन्याचे प्रसारण करणे हा नियमभंग आहे. "कुठे प्रसारण?" त्यांनी विचारले. रक्षकाने अर्जदारांच्या कानाकडे बोट दाखवले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला दोन्ही दंड धरून, ज्या मैदानात तो एकतीस वर्षे बोलला त्याच मैदानाच्या पायऱ्यांवरून बाहेर नेले. दुसऱ्या दिवशीच्या पत्राने त्यांना बेसबॉल व फुटबॉल दोन्हींच्या उर्वरित हंगामासाठी प्रवेशबंदी झाली. त्या पत्रात अर्जदारांचा उल्लेख "श्रोतृवर्ग" असा आहे.

९. म्हणून अर्जदारांची मागणी अशी की, कलम १४ ची अंमलबजावणी करून फुटबॉलचा पहिला घरचा सामना सुरू होण्यापूर्वी, म्हणजे दि. २१ सप्टेंबरपूर्वी, जिवंत निवेदक नेमावा. श्री. हॅलोरन यांच्यावरील बंदी उठवावी आणि त्यांच्या संमतीशिवाय त्यांचा आवाज वापरणे थांबवावे. सुनावणी कार्यालयात ठेवू नये. मा. संचालकांनी डोळ्यांवर पट्टी बांधून, कानात ते ॲप लावून, अर्जदारांशेजारी तीन इनिंग बसावे. नंतर जो निर्णय होईल तो अर्जदार मान्य करतील. संघ जिंकावा अशी मागणी करायची का, असे लेखनिकाने विचारले होते. अर्जदार म्हणाल्या, "ते संचालकांच्या हातात असतं तर भाषांतरात वेळ न घालवता मी इंग्रजीतच लिहिलं असतं."

१०. येथून पुढचा मजकूर लेखनिकाचा स्वतःचा असून तो अर्जदारांना वाचून दाखवलेला नाही. काल, दि. ७ सप्टेंबरला अर्जदार मैदानात जाऊन बसल्या आणि त्यांनी ॲप लावले नाही. डावीकडची खुर्ची रिकामी होती. लेखनिकाला बेसबॉल धड कळत नाही. बारा वर्षे तो फक्त डबा आणि छत्री सांभाळायला येत असे. दुसऱ्या इनिंगमध्ये त्याने घसा खाकरला आणि अर्जदारांच्या कानाशी बोलायला सुरुवात केली. त्याने बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरला पिचर म्हटले, रेषेबाहेर फाउल गेलेल्या चेंडूला होमरन म्हटले. अर्जदारांनी बॅटचा आवाज ऐकून त्याला सुधारले. "अहो, त्याचे पाय बघा. पाय कुठं वळलेत ते सांगा." तो पाय सांगू लागला. सहाव्या इनिंगमध्ये, ८ जूनला ओरडलेले तेच पुढच्या रांगेतले गृहस्थ मागे वळले. लेखनिकाला वाटले, आता पुन्हा. त्यांनी हलक्या आवाजात सांगितले की लेफ्ट फील्डला तोच जखमी झालेला मुलगा आज परत उतरला आहे, हे बाईंना सांगा. अर्जदारांनी ते ऐकले आणि या वेळी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

आठव्या इनिंगमध्ये रक्षक आला. त्याने विचारले, "सर, आपण सामन्याचे वर्णन करत आहात का?" लेखनिकाने उभ्या आयुष्यात नियम मोडलेला नाही. रांग सोडून कधी पुढे गेला नाही. त्याने उत्तर दिले, "हो, करतो आहे." मग आपले नाव, पत्ता आणि आसन क्रमांक रक्षकाला स्पष्ट अक्षरांत लिहून दिला व सही केली. तीच माहिती येथेही देत आहे. येत्या रविवारी, दि. १४ सप्टेंबरला, दुपारी एक वाजल्यापासून सामना संपेपर्यंत लेखनिक हाच गुन्हा पुन्हा करणार आहे. कारवाई करायची असल्यास ती त्याच्यावर करावी, त्याच्या पत्नीचा त्यात काही दोष नाही.

कळावे, आणि शक्य तो लवकर कळवावे.

आपल्या काउंटीची रहिवासी व हेरन्सची प्रेक्षक,
सौ. सुवर्णा गिरीश ठोसर
(सही अर्जदारांनी स्वतः केली आहे.)

लिहिणार : गिरीश ठोसर, विभाग ३१२, रांग ह, आसन ९
दिनांक : ८ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) भाडेकराराच्या कलम १४ ची प्रत
२) व्यवस्थापनाची दोन्ही उत्तरे व सहा हॉटडॉगची न वापरलेली कूपने
३) श्री. हॅलोरन यांना आलेले प्रवेशबंदीचे पत्र
४) डोळ्यांवर बांधायची पट्टी, एक नग (अर्जदारांनी स्वतः शिवलेली)