पाच नंबरची जागा

३ मे

पोचले एकदाची! दोन विमानं, एक बस आणि भोपळ्यासारखे सुजलेले पाय, पण पोचले. थांब्यावर धाकटा ‘ताईसाहेब’ असा फलक धरून उभा. सहा वर्षांनी भेटतोय, तरी पहिलं वाक्य काय, तर मी जाड झाले. मग मीही त्याच्या टकलाची प्रेमाने चौकशी केली.

बावीस वर्षं स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढले, लग्नं काढली, ‘हनुवटी जरा खाली’ म्हणून म्हणून जिभेला घट्टे पडले. आता म्हटलं, ज्याला हनुवटीच नाही असं काहीतरी टिपावं. धाकट्याचा इथे धंदाच तो: हौशी लोकांना गाडीत घालून वादळांच्या मागे न्यायचं, फोटो काढू द्यायचे आणि धडपणे परत आणायचं. इतकी वर्षं त्याला बहीण आठवली नव्हती. यंदा स्वतःहून फोन केला, तिकीटही पाठवलं. आईला तर लेकाचं कौतुक सांगताना रडू आवरेना.

उतरायचं ठिकाण म्हणजे हमरस्त्याकडेचं बैठं लॉज. समोर पेट्रोल पंप, पलीकडे आभाळापर्यंत शेतं. आम्ही सगळे मिळून सहा. गाडी चालवणारे पांढऱ्या मिशांचे आजोबा (हे नाव मी ठेवलं), दातांचे डॉक्टर असलेलं जोडपं, जे बोलताना आपल्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघतं, आणि एक निवृत्त शिक्षिका. त्यांना मी बाई म्हणते. त्या गेल्या वर्षीही आल्या होत्या.

धाकट्याने आल्याआल्या एक नियम घोटून घेतला. वादळाजवळ गाडी थांबली की सगळे कॅमेरे घेऊन पांगतात. पळायची वेळ आली की गारांत, पावसात कोण आलं न् कोण राहिलं ते दिसत नाही. म्हणून मोजणी. गाडीत बसताना धाकटा एक म्हणतो, डॉक्टर नवराबायको दोन आणि तीन, बाई चार, सगळ्यात मागे सामानाशेजारी एकटी मी पाच. शेवटी आजोबा सहा म्हणतात आणि गाडी सोडतात. मान वळवून बघत नाहीत. गंमत म्हणजे आकडे मराठी! परक्या लोकांच्या तोंडून ‘तीन’ ऐकून मी इतकी हसले की बाईसुद्धा हसल्या. मी मागच्या जागेवर बसले तेव्हा मात्र त्या हसायच्या थांबल्या.

५ मे

आज पहिलं वादळ. काय लिहू! दुपारी तीनला प्रकाश हिरवट झाला, जुन्या काचेच्या बाटलीतून बघावं तसा. पीक एका बाजूला आडवं झालं आणि ढगाच्या पोटातून एक बारीक सोंड खाली उतरली, जमिनीला न टेकताच परत वर गेली. एकोणतीस फोटो काढले. त्यातले चारच धड आले, पण ते चार मी कुणालाही दाखवीन.

परत निघताना एक आगाऊपणा झाला. मोजणीत मी पाच म्हणायला आणि दुसऱ्या कुणीतरी पाच म्हणायला एकच गाठ पडली. पुरुषी आवाज. धाकट्याचं काम, दुसरं कुणाचं? लहानपणापासून नकला करतो. माझ्या आवाजात आतल्या खोलीतून आईला ‘झाला माझा अभ्यास’ असं ओरडून सांगायचा आणि धपाटे मला बसायचे. पन्नाशीला आला तरी खोड गेली नाही.

६ मे

आभाळ स्वच्छ, म्हणजे आमचा बिनकामाचा दिवस. लॉजच्या मागच्या खोलीत कपडे धुवायचं यंत्र आहे. त्याच्या घरघरीत धाकट्याला झापलं. मोजणी ही जिवाची गोष्ट आहे म्हणून सगळ्यांना दटावतोस आणि स्वतः चेष्टा करतोस? त्याने आईची शपथ घेतली, तो बोललाच नव्हता म्हणाला. एवढ्यावर थांबता तर ठीक. पण पुढे त्याने विचारलं, आवाज कुठून आला, जवळून का? आणि हे विचारताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. चेष्टा करणारा माणूस असं विचारत नाही.

मला संताप येतोय आणि नक्की कशाचा ते कळत नाहीये.

८ मे

आज मी मेलेच असते.

गारा लिंबाएवढ्या. सगळे गाडीकडे पळाले. माझा एक पाय पायरीवर, एक अजून चिखलात, आणि आतून स्पष्ट ऐकू आलं: पाच. लगेच आजोबांचं सहा, आणि गाडी निघाली. दारावरची कडी हाती लागली म्हणून वाचले. गुडघा सोलवटला, लेन्सच्या काचेला तडा गेला. मी ओरडले तेव्हा कुठे थांबले. आजोबा तर रडायलाच लागले. आकडा ऐकूनच सोडली, असं हात जोडून पुन्हा पुन्हा सांगत होते.

धाकट्याचं तोंड त्या वेळी पावाने भरलेलं होतं. मी बघत होते ना त्याच्याकडे! आवाज मागून आला. माझ्या जागेवरून. आणि तिथे माझ्या बॅगेशिवाय काही नव्हतं.

धाकट्याने मला धरून बसवलं, पाणी दिलं. त्याला आश्चर्य वाटलं नव्हतं. हे मला आत्ता, लिहिताना कळतंय. सगळे हादरले होते आणि तो नव्हता.

९ मे

सकाळी बाईंच्या खोलीत गेले, दाराला आतून कडी घातली आणि विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. बहुतेक कुणीतरी विचारावं म्हणूनच त्या यंदा परत आल्या होत्या.

गेल्या वर्षी पाच नंबरवर एक घड्याळं दुरुस्त करणारा होता. तरणाताठा, अबोल. एका शेतात सोंड अगदी जवळ आली आणि तो शेवटच्या एका फोटोसाठी कुंपणापलीकडे गेला. धाकट्याने हाका मारल्या. मग मोजणी घेतली. पाचला उत्तर आलं, गाडी निघाली. दोन किलोमीटरवर कळलं की जागा रिकामी आहे. उत्तर धाकट्याने दिलं होतं, त्या मुलाच्या आवाजात. तो परत येईपर्यंत आजोबांना थांबवलं असतं तर सगळेच गेले असते, असं त्याचं म्हणणं. पोलिसांना मात्र त्याने सांगितलं की तो मुलगा गाडीत बसायलाच तयार नव्हता. बाकीच्यांनी खाली सह्या केल्या. बाईंनीही. तो सापडलाच नाही. त्याची आई अजून विचारते, की नेमकं कुठलं शेत ते तरी सांगा.

त्यानंतर त्या जागेवर जो बसेल त्याच्या आधी कुणीतरी पाच म्हणतं. तीन गिऱ्हाइकं अर्ध्यातून पळून गेली. बाईंना वाटतं, त्याला गाडीत यायचं नाहीये. त्याला आपल्यासोबत कुणीतरी खाली हवंय.

तिथून थेट धाकट्याकडे गेले. पेट्रोल पंपावर काचा पुसत होता. चारचौघांत त्याच्या कानाखाली काढली. सख्ख्या बहिणीला बसवलंस तिथे! त्याने नाही म्हटलं नाही. जागा रिकामी ठेवली तर आवाज रोज येतो, परका बसला तर पळून जातो, म्हणून घरचं माणूस बसवलं, घरच्या माणसाला काही होणार नाही असं वाटलं, असं काहीबाही रडत सांगत होता. घरचं माणूस! सहा वर्षं घरचं माणूस कुठे होतं रे?

त्याला सांगितलंय, त्या आईला खरं लिही. बारा तारखेला आपण शहरात परततोय. तोवर लिहिलं नाहीस, तर मी पोलिसांत जाणार. आणि मी यापुढे मोजणीत तोंड उघडणार नाही. मान वळवा आणि डोळ्यांनी बघा, मी आहे की नाही.

१० मे

धाकटा म्हणाला, लिहिलं. दाखव म्हटलं तर दाखवलंही. छान लिहिलंय. फक्त पाठवलेलं नाही. मी बघितलं. म्हणाला, रेंज नव्हती.

खोटारडा. जन्माचा खोटारडा, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला हसत हसत तसा केला. आईने आधी, मग मी.

मीच रात्री जागून सगळं कागदावर उतरवलं, त्या आईच्या नावाने. बाईंकडे दिलं. त्या उद्यापासून गाडीत येणार नाहीत, लॉजवरच राहणार आहेत, आणि सकाळीच पत्र टाकणार आहेत. धाकट्याला हे माहीत नाही.

पत्र घेताना त्या म्हणाल्या, आज मोजणीत तू उत्तर दिलंस ते बरं केलंस, तुझा आवाज ऐकून जिवात जीव आला.

मी उत्तर दिलं नव्हतं. आज दिवसभर मी तोंड उघडलेलं नाही.

११ मे, दुपार

गाडीत लिहितेय. बाई नाहीत. यायचंच नव्हतं मला, पण लॉजवर मागे राहिले तर हा परस्पर शहरात जाऊन काय काय सांगेल कोण जाणे. याच्यावर नजर हवी.

रस्ता ओळखीचा आहे असं आजोबा पुटपुटले. धाकट्याने त्यांना गप्प केलं.

थांबलोय. कुंपण. पीक. हिरवा उजेड. हेच ते शेत — आजोबा खाली उतरायलाच तयार नाहीत. धाकटा म्हणतो, वादळ इथेच येतंय, त्याला मी काय करू.

दोनशे पावलांवर पिकात काहीतरी उभं आहे. लेन्समधून बघितलं. कॅमेऱ्याचा तिवई स्टँड आहे. वर पावसाळी कापड, फाटकं. वर्षभर इथेच उभा! कुणी शोधायलासुद्धा आलं नव्हतं, याच्या सांगण्यावरून दुसरीकडेच शोधत बसले. दुसरं शेत सांगितलंन् याने.

आणणार. त्याच्या आईच्या हातात निदान काहीतरी द्यायला हवं. डॉक्टरणीला बजावलंय, मी येईपर्यंत गाडी सोडू देऊ नका. पळत जाते, पळत येते.

११ मे — पाच वाजून गेलेत

मोरीत आहे. रस्त्याखालची, सिमेंटची. वही रेनकोटच्या आत होती.

सगळं लिहून ठेवते. कुणाला सापडेल.

स्टँडला हात लावला तेवढ्यात मागे मोजणी सुरू झाली. वाऱ्यावरून एकेक आकडा येत होता. एक. दोन. तीन. मग धाकटा ओरडून म्हणाला, चार नाही आज. आणि मग माझा आवाज. माझाच. ठसठशीत, मी रागावल्यावर होतो तसा. पाच.

धाकटा नव्हे. धाकटा गाडीबाहेर उभा होता, दाराला धरून, तोंड माझ्याकडे. मी दोन्ही हात हलवले. त्याने बघितलं. सरळ माझ्याकडे बघितलं. आतून माझा आवाज आलेला त्याने ऐकला आणि शेतात मला बघितलं. दोन्ही.

आणि आत बसला.

सहा ऐकू आलं नाही. गाडी गेलेली दिसली.

दोन किलोमीटरवर कळेल त्यांना. त्या वेळीही दोनच किलोमीटरवर कळलं होतं.

पत्र गेलंय रे, धाकट्या. सकाळीच गेलंय. बस आता.

—

गारा. मोरीच्या तोंडाशी ढीग. स्टँड जवळ घेतलाय.

फोनला काही नाही.

बाहेर आवाज — धाकट्याचा! एक म्हणाला. परत आले? आला असशील तर आधी थोबाड फोडीन, मग

इंजिन ऐकू येत नाहीये. वाऱ्यात येत नसेल.

दोन. तीन. डॉक्टरच. तेच उच्चार.

चार.

बाईंचा आवाज. पण बाई लॉजवर आहेत. बाई आज आल्याच नव्हत्या —

थांबलंय. वाट बघतंय. माझी.

नाही म्हणणार. दात आवळून बसलेय. वर्षभर थांबलास ना, थांब अजून. माझा राग तुझ्यावर नाही, पण मी नाही म्हणणार

पाच.

मी नाही. माझ्या मागून. मोरीच्या आतून, कानाशी, माझ्याच आवाजात —

आता सहाच राहिला. सहा म्हटलं की