मागे गेलेली तारीख

मंगळवार, १३ मे

आज पुन्हा अपडेट अडकलं. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात तारीख बघते तर फेब्रुवारी! मागच्याच आठवड्यात बडनेऱ्याच्या मेकॅनिकनं तारीख-वेळ सांभाळणारा आतला सेल बदलून दिला होता. जुनाच सेल पुसून बसवला असणार, मला खात्रीच वाटली. त्याला घरी बोलावलं आणि तसं तोंडावर बोलले. त्यानं सेल काढून तपासला. "ताई, सेल चांगला हाये. तारीख कोनीतरी हातानं मागं करून रायलं. तारीख चुकली का अपडेट होतच नाई."

हातानं? घरात तर आम्ही दोघंच.

जेवताना ह्यांना सरळ विचारलं. आधी वांग्याची भाजी वाढून घेतली. मग म्हणाले, "अवं, ते लग्नपत्रिका बनवायचं सॉफ्टवेअर हाये ना, त्याची फुकटची मुदत संपली. तारीख मागं केली का चालते. त्यात काय एवढं?"

काय एवढं! मी त्या भल्या माणसाला चोर ठरवलं. आणि हे रोज बघत होते, मी त्या अपडेटशी डोकं फोडते ते. एक शब्द बोलले नाहीत. किती सहज म्हणाले, तारीख मागं केली का चालते.

भांडी घासताना तेच डोक्यात. मग एकदम आठवलं, हल्ली ह्यांना कधीच उशीर होत नाही. पानठेल्यावरून बरोबर आठला दारात. मीच कौतुक करते.

हात पुसले आणि भिंतीवरचं घड्याळ मोबाईलशी ताडून बघितलं.

अर्धा तास मागे.