विमला आणि पद्मिनी एकच

समता कॉलनी, रायपूर

प्रिय आशय,

तुझ्या नैरोबीच्या वकीलसाहेबांना आधी माझा नमस्कार सांग. तांदूळ गिरणीच्या जाळ्या विकायला तिकडे कंपनी काढायची, तर या माणसाला माझं बारसं आणि लग्न दोन्ही समजून घ्यायचंय. पासपोर्टवर विमला, आपल्या जाळ्यांच्या कारखान्याच्या कागदांवर पद्मिनी. मग पैसे गुंतवणारी बाई नक्की कोणती, असं तो विचारतो. त्याचं चुकत नाही. लग्नात आपल्याकडे मुलीचं आडनावच काय, नावही बदलतात, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? आणि पासपोर्ट काढताना शाळेचा दाखला पुढे करणारी मीच शहाणी.

तुला ही गोष्ट कधी सांगितली नाही. गोंदियाला आमचं लग्न लागल्यावर तांदळाचं ताट पुढे आलं आणि तुझ्या बाबांनी अंगठीने त्यात 'पद्मिनी' लिहिलं. सासूबाईंनी वेगळंच नाव ठरवलं होतं, त्या बघतच राहिल्या. मला न विचारता माझं नाव पुसलं म्हणून मी चांगलीच फुरंगटले होते. पण रायपूरला आल्यावर ते अशी काही हाक मारायचे, की विमलाला हळूहळू मीच विसरले.

तर आता वकिलाला प्रतिज्ञापत्र हवं होतं. विमला आणि पद्मिनी एकच, असं नवऱ्याने नोटरीसमोर लिहून द्यायचं. तू राजीनामा दिलास, गोदाम बघून ठेवलंस, आणि सगळं अडलंय ते या एका कागदापायी, हे मला समजत होतं रे. दर फोनवर तू बाबांना दे म्हणायचास आणि मी सांगायचे, झोपलेत, बीरगांवला कारखान्यात आहेत, अभनपूरच्या गिरणीत जाळ्या बसवायला गेलेत. एकदा तू हसून म्हणालास, बाबा या वयात रविवारीसुद्धा राबतात! मीही हसले. खरं म्हणजे वर्ष झालं, कारखाना आपला फोरमन रामकृष्णच बघतो. बाबा एकदा बीरगांवहून घरी यायला निघाले आणि त्यांना रस्ताच आठवेना. डॉक्टर म्हणाले, विस्मरणाचा आजार आहे, आता वाढतच जाणार. तू सगळं टाकून पळत येशील म्हणून कळवलं नाही. राग आला असेल तर येऊ दे, पण पुढे वाच.

सोमवारी त्यांना इस्त्रीचा सदरा घालून कचेरीत नेलं. रिक्षात छान गप्पा मारत होते, म्हणून मला धीर आला. नोटरी भला माणूस, त्याने रीतसर विचारलं, "अंकलजी, ये आपकी पत्नी हैं ना?" बाबांनी मला नीट निरखून पाहिलं आणि अगदी अदबीने म्हणाले, "नहीं भैया. ये दीदी बहुत अच्छी हैं, मेरा खयाल रखती हैं. पद्मिनी तो मायके गई है." मग माझ्याकडे वळून हळूच विचारतात, "तिले यायले काहून उशीर होऊन राहिला? तुम्हाले काही सांगून गेली का?"

बाहेर टायपिस्ट म्हणाला, माताजी, घरी हात धरून सही घ्या, कोण बघतंय. घरी आल्यावर मी पेन त्यांच्या बोटांत दिलंही होतं. नाही जमलं मला. जो माणूस बायकोची वाट बघतोय, त्याच्याकडून ती हीच आहे असं चोरून कसं लिहून घेऊ? मी रडायला लागले, तर तेच मला पाणी आणून देत होते.

तो कागद आता येणार नाही. वकिलाला सांग, आमची नावं काढून टाक. तुझं नुकसान होईल, मला ठाऊक आहे. फोनवर हे बोलवलं नसतं, म्हणून लिहिलं. मला ते ओळखत नाहीत, त्याचं मी बघून घेईन. पण तुझ्या फोटोवर अजून बोट ठेवतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "हा माहा पोट्टा, आशय." हे किती दिवस टिकेल, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. कंपनी पुढच्या वर्षीही निघेल, राजा. तू आधी ये.

वाट पाहणारी,
तुझीच
आई