सोळावं डोकं

सोमवार, ता. २

चि. मडक्यास,
अ. उ. आ.

फोन केला तर तुझ्या मागे विमान ओरडतं आणि माझ्या मागे बाबा, म्हणून हे पत्र. तुमच्या ऑफिसची माल गोळा करणारी गाडी रोज आपल्या कारखान्यावरून जाते. तिचा ड्रायव्हर पत्रांची ने-आण करायला तयार झाला आहे. बदल्यात त्याला टक्कल झाकायला एक टोप हवा आहे. मी हो म्हटलं आहे, तेव्हा त्याच्याशी नीट वाग.

बातमी अशी, की समुद्रापलीकडच्या एका नाटक कंपनीनं आपल्याला सोळा टोप सांगितले. राजा, राणी, दासी, दोन म्हातारे चोर आणि एक देखणा नायक. सगळे खऱ्या केसांचे, जाळीवर एकेक केस गुंफून केलेले. आम्ही पाचजणी मान मोडून बसलो आहोत. पहिला प्रयोग वीस तारखेला आहे. काम पसंत पडलं तर पुढच्या तिन्ही नाटकांचे टोप आपल्याकडेच येतील. नाही पडलं तर काय, ते तुला ठाऊक आहे. शेजारचा टायरवाला रोज येऊन आपल्या जागेची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजून जातो आणि बाबांनी त्याला महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलं आहे. टोप वेळेत आणि धड पोचले तर कारखाना राहील, नाहीतर तिथे टायर येतील.

इतकी वर्षं लोकांचा माल विमानात चढवलास, आता एकदा घरचा चढव. मडक्याला सांगू का, असं मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, की डबे मोजणाऱ्या कोणाला तरी सांगावंच लागणार, मग तो काय आणि दुसरा काय. बाबांच्या भाषेत याला हो म्हणतात. तू पटाशी खाली ठेवून त्या नोकरीला गेलास तेव्हापासून त्यांनी तुझ्याबद्दल बोललेलं हे सगळ्यांत लांब वाक्य आहे.

जेवणाखाण्याची आबाळ करू नकोस. माया आहेच, ती पत्राच्या उत्तरावर अवलंबून ठेवते.

तुझी ताई


बुधवार, ता. ४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ड्रायव्हरनं ते माझ्या हातात देताना डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा त्याचा टोप विसरू नकोस.

तुझ्या मालाची जागा गुरुवार, ता. १२च्या विमानात धरली आहे. त्या गावाला थेट विमान आठवड्यातून एकदाच जातं, त्यामुळे हे चुकलं तर पुढचं प्रयोगाच्या आदल्या रात्री पोचेल आणि तुझा राजा उघड्या डोक्यानं तालीम करील. माल सोमवारी सकाळी माझ्याकडे हवा. खोकी पुठ्ठ्याची कर, लाकडी करू नकोस. कच्चं लाकूड देशाबाहेर न्यायचं तर ते भट्टीत तापवून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. एकाच्या झाडाची कीड दुसऱ्याच्या झाडाला लागू नये म्हणून हा नियम आहे.

आणखी एक. विमानवाले वजन आणि जागा दोन्ही बघतात आणि जे भारी पडेल त्याचे पैसे लावतात. तुझे टोप म्हणजे सगळा फुगारा, तेव्हा तुला जागेचेच पडतील. हे बाबांना सांगशील तेव्हा मी तिथे नाही याचं मला बरं वाटतंय.

टोप कुठल्या डोक्यांवर बसवून विंचरलेस? बाबांनी कोरलेली ती सगळी खानदानी डोकी अजून फळीवर आहेत का? आत्याचं नाक, मोठ्या काकांची टाळूवरची खोक, मामाचे सुपाएवढे कान. सगळ्या गोतावळ्याची डोकी केली, फक्त माझं नाही. लहानपणी मी हट्ट धरला तेव्हा म्हणाले होते, की तुझ्यासाठी पोकळ लाकूड लागेल, ते बाजारात मिळत नाही. मी दोन दिवस जेवलो नव्हतो आणि तू माझी पोळी खाल्ली होतीस.

राग नाही, आठवण आली म्हणून लिहिलं.

तुझा आज्ञाधारक (निदान खोक्यांपुरता),
मडक्या


शनिवार, ता. ७

चि. मडक्यास,
अ. उ. आ.

सोळा टोप तयार झाले. राणीच्या बटा बघून आमच्यातली सगळ्यांत खाष्ट बाईसुद्धा अर्धा तास गप्प होती. तुझ्या सांगण्याप्रमाणे खोकी पुठ्ठ्याची केली, एक खिळासुद्धा मारलेला नाही. सोमवारी पहाटे गाडीत चढवते.

जागेचे पैसे पडतात हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, की आपण केस विकतो आणि हे लोक हवा विकतात, तेव्हा शहाणे तेच. पण बांधाबांध मात्र त्यांनी आपल्या हातानं केली. फिरत्या कंपन्यांच्या ट्रकांतून टोप पाठवले तेव्हापासून त्यांचा एकच नियम आहे, की टोपानं डोक्यावर बसूनच प्रवास करायचा. घडी केलेला टोप नटाला शाप देतो म्हणतात. मी वाद घातला नाही. एक तर ते बरोबर आहेत, आणि दुसरं म्हणजे फार दिवसांनी कामात शीळ घालत होते.

खोकी उघडू नकोस. माझं एवढं ऐक.

तुझ्या भरवशावर निर्धास्त झालेली,
ताई


सोमवार, ता. ९, दुपार

ती. ताईस,
घाईत नमस्कार.

खोकी उघडावी लागली. ऐक, आणि आधी बस.

विमानात जाणारा सगळा माल आमच्याकडे क्ष-किरणांच्या यंत्रातून जातो. यंत्रावरच्या बाई फार शांत आहेत, पण पडद्यावर एका रांगेत माणसांची मुंडकी आलेली बघून त्यांनी पट्टा थांबवला, खुर्चीवरून उठल्या आणि अख्ख्या गोदामाला ऐकू जाईल अशा आवाजात मला बोलावलं. कस्टमचे साहेब आले. त्यांच्यासमोर मी पहिलं खोकं उघडलं आणि आत राणीच्या केसांखाली आत्या. साहेबांनी विचारलं, या कोण. माझ्या तोंडून निघून गेलं, की वडिलांची थोरली बहीण.

ताई, ती डोकी लाकडाची आहेत. मी खोक्यांबद्दल लिहिलं आणि तू खोकी पुठ्ठ्याची केलीस. तुझी चूक नाही, आपल्या घरात डोक्याला लाकूड कोणीच म्हणत नाही. पण साहेबांच्या लेखी ते बिनशिक्क्याचं लाकूड आहे आणि तिकडे उतरलं की माल अडकणार. भट्टीत घालावीत तर जुनं लाकूड, उकलून चिरा पडतील आणि गुरुवारही हातचा जाईल. डोकी काढून टोप नुसते पाठवले तर तुझ्या राणीची गादीतली सावरी होईल. आमच्या मॅनेजरनी आत फुगे भरा म्हणून सुचवलं. वर हवेचा दाब कमी होतो आणि फुगे फुगत जाऊन फुटतात, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, की मग तूच सुचव. मला काही सुचत नाही.

आणि सुचत नाही याला दुसरंही कारण आहे. पंधरा डोकी मी साहेबांना नात्यासकट सांगितली. सोळाव्यावर नायकाचा टोप होता. तो उचलला आणि खाली मी. डाव्या कानाची पाळी तुटलेली, मी कामाच्या टेबलावरून पडलो होतो ना, तीच. यंत्रावरच्या बाईंनी एकदा त्या डोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पट्टा चालू करायला निघून गेल्या. मी फायलींच्या कपाटामागे जाऊन रडलो. हे कोणाला सांगू नकोस.

तू खोकी उघडू नकोस म्हणाली होतीस ते यासाठीच ना?

गाडी तशीच परत पाठवतोय. बाबांना विचार काय करायचं.

तुझा
मडक्या


सोमवार, ता. ९, संध्याकाळ

चि. मडक्यास,
अ. आ.

हो, त्यासाठीच. नायकाचं माप आलं तेव्हा फळीवरचं एकही डोकं त्याला पुरेना. तेव्हा बाबांनी आपल्या बाकाखालून कापडात गुंडाळलेलं ते डोकं काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, की माप जुळतं, गुंडाळ. मलाही त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांनी तुला सांगायला बंदी केली होती. तू बघितलंस हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

बाकी पत्र वाचून दाखवलं. लाकडाला कीड म्हटल्यावर आधी भडकले. रंध्यातून निघालेल्या लाकडात कीड शोधणाऱ्यांना एकदा बघायचं आहे म्हणाले. मग म्हणाले, की लाकूड जात नसेल तर डोक्याची साल जाईल. खाकी कागदाचे गठ्ठे आणि खळीची पातेली भरायला सांगितली आहेत. आम्ही उद्या सकाळी तुझ्या ऑफिसात येतो, पाचही जणी, केस वाळवायच्या सगळ्या यंत्रांसकट. जागा आणि विजेची बटणं मोकळी ठेव.

बाबाही येतायत. दाढी करून.

ताई


शुक्रवार, ता. १३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही बुधवारी संध्याकाळी गेलात, त्यामुळे पुढचं तुला सांगायचं राहिलं. आमच्या पॅकिंगच्या खोलीत अजून खळीचा वास आहे. मॅनेजरांच्या खुर्चीला कागदाची पट्टी चिकटली आहे आणि तुमच्या त्या खाष्ट बाईनं केस वाळवायच्या यंत्रानं त्यांचा ओला रुमालही वाळवून दिल्यामुळे ते तिची चौकशी करतात.

डोक्यावर प्लॅस्टिक ताणायचं, त्यावर कागदाचे थर द्यायचे, वाळले की मागून चिरून साल काढायची आणि चीर चिकटवून टाकायची. हे तुम्ही सगळ्याजणी करत होतात, पण सोळाव्याला बाबांनी कोणाला हात लावू दिला नाही, हे तू पाहिलंस. मी शेजारी उभा राहून पट्ट्या फाडून देत होतो. कानाशी आल्यावर त्यांनी तुटक्या पाळीवर अंगठ्यानं कागद नीट दाबला. पट्टी मागायला त्यांनी नुसता हात पुढे केला, पूर्वी पटाशी मागायला करायचे तसा, आणि मी बरोबर मापाची पट्टी दिली.

बाबा विमान गेल्याशिवाय हलणार नाही म्हणाले, म्हणून रात्री माझ्याकडे राहिले. माझ्या खोलीतल्या टेबलाचा पाय डगमगत होता, तो सकाळी उठून बघतो तर बसवलेला. मग साहेबांनी खोकी तपासून सोडली. लाकूड नाही, कीड नाही. बाबांनी विचारलं, की आता डोकी पोकळ झाली तर पैसे कमी का. बुकिंगची मुलगी म्हणाली, की नाही आजोबा, जागा तेवढीच. तर म्हणाले, की असू दे, आता आत खरंच हवा आहे, तिचे पैसे घेतलेत तरी चालतील.

माल चढवायची जागा गच्चीवरून दिसते. मी खाली होतो. पत्र्याच्या मोठ्या फळीवर माल रचला, तुझी खोकी सगळ्यांत वर ठेवली, जाळी टाकली आणि प्रत्येक हूक ओढून पाहिला. हा माझा रोजचाच रिवाज आहे, पण काल दोनदा ओढून पाहिला. विमान उठून दिसेनासं झाल्यावर वर गेलो. बाबा कठड्याला धरून उभे होते. ते म्हणाले, की रचलंस बरं, भार खाली आणि नाजूक वर. मग म्हणाले, की इतका मोठा माल हलू नये असा बांधायचा म्हणजे हेही सुतारकामच आहे. ताई, ते मला डबे मोजणारा म्हणायचे, ते तेव्हा खोटं ठरलं.

आता वीस तारखेपर्यंत नखं खाणं चालू. तुझीही शिल्लक नसतील. लाकडी डोकी सोमवारच्या गाडीनं पाठवतो. माझं पोकळ डोकं शेवटी परदेशी गेलं, एवढी बढती पुरे आहे.

तुझ्या टपल्यांना पात्र,
मडक्या


बुधवार, ता. २५

चि. मडक्यास,
अनेक आशीर्वाद.

मला पत्राची सवय नाही. तुझी ताई समोर बसली आहे, पण वाचायचं नाही असं ठरलं आहे.

नाटक कंपनीचा निरोप आला. टोप वेळेत पोचले, एक बट हललेली नव्हती. प्रयोग झाला, लोक उठून उभे राहिले म्हणे. पुढच्या तिन्ही नाटकांचं काम आपल्याला दिलं आहे. कागदी डोकी परत पाठवायची का, असं त्यांनी विचारलं होतं, कारण त्यांना ती रंगपटात फळीवर ठेवायची आहेत. ठेवा म्हणून कळवलं. तुझी आत्या कधी गावाबाहेर गेली नाही, तिला बरं वाटेल. टायरवाल्याला जागा मिळणार नाही म्हणून सांगितलं. तो रागावला नाही. मुलीच्या शाळेच्या नाटकाला एक दाढी मागून गेला.

डोकी पंधराच आली. सोळावं तुझ्या टेबलावर आहे आणि तू त्याला आपली टोपी घालतोस, असं ड्रायव्हर सांगत होता. त्याचा टोप त्याला चांगला बसला आहे. ते डोकं मला इथे हवं आहे. पुढच्या नाटकातला नायक तोच आहे आणि माप तेच. पण गाडीत टाकून पाठवू नकोस, एक कान आधीच गेलेला आहे. रविवारी तू स्वतः घेऊन ये. तुझं पान वाढलेलं असेल.

ते कधी केलं, हे तू विचारलं नाहीस. तू गेलास त्या वर्षी केलं. तुझी आठवण यायची. एकदा लिहिलं आहे, पुन्हा लिहायला लावू नकोस.

तब्येत सांभाळ आणि हूक ओढून पाहायची सवय सोडू नकोस.

तुझे बाबा

ता. क. पोकळ लाकूड मी पुष्कळ शोधलं. मिळालं नाही, म्हणून भरीव करावं लागलं.