सड्यावर मारलेली हाक

रत्नागिरी, कार्तिक वद्य ५, शके १८५२

हिचा दमा आज बरा. सूनबाईला आठवा लागला, पाय सुजलेत. मुलगा कचेरीच्या कामाने वाळलाय. मी धडधाकट, पण मनाला स्वस्थता नाही.

राजापूरहून येऊन महिना होत नाही, तोच मुलाने सड्यावरच्या, म्हणजे वरच्या उघड्या कातळी माळावरच्या, नव्या वसाहतीत घर बघितलं. रस्ते आखीव, घरं सुटी सुटी. उद्या होकार द्यायचा. संध्याकाळी आम्ही सगळे पाहायला गेलो. त्या घराच्या ओटीवर उभा राहून, ऐकू जाते का ते पाहायला मी शेजारच्या घरातल्या बाईला हाक मारली. वाऱ्याने ती पार नेली. बाईने मानसुद्धा वळवली नाही.

"अण्णा, लोक हसतील," मुलगा म्हणाला.

"हसले असते तर बरं होतं. ऐकू गेलं एवढं तरी कळलं असतं."

हा फिरतीवर असताना कळा सुरू झाल्या तर? सुईण खाली बाजारात. ही धापा टाकणार, आणि माझी हाक ती तशी. का मीच उगाच भितो आहे?

जेवण वाढताना सूनबाई हळूच म्हणाली, "मामंजी, त्या घराला नाही तुम्हीच म्हणा. मी म्हटलं तर हट्ट ठरेल."

म्हणजे तीही घाबरली आहे. उद्या मीच नाही म्हणणार. मुलगा रागावेल, त्याचीही धास्ती आहेच. राजापूरच्या बहिणीला आत्ताच लिहितो: बाळंतपणाला येशील का, ते लगेच कळव.