मास्तरांचं ‘हं’

प्रिय ठमे,

तुझे हात मंद नाहीत. हे आधी लिहून टाकते, कारण कालपासून मला दुसरं काही सुचत नाहीये. फोन केला असता तर तू ‘हो हो, आई’ म्हणून ठेवून दिला असतास. म्हणून पत्र.

काल सुट्टी होती. मापाची टेप शोधताना कपाटात तुझा जुना फोन सापडला. चार्ज करून बघितला, तर आत आपल्या सरावाचे व्हिडिओ. स्वतःची बोटं बघायला तू तो फोन डब्याला टेकवून ठेवायचीस ना, ते. पहिलाच लावला आणि मी खुर्चीतून उठलेच. खोलीत तुझे बाबा होते. त्यांचं ‘हं’. कापडाला कात्री लावायच्या आधी म्हणायचे ना, अगदी तसंच. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली आणि व्हिडिओ गेल्या उन्हाळ्यातला. पुन्हा लावला. बाबा नव्हते गं. मीच होते.

मग बसून सगळे बघितले. तुझ्या त्या मारामारीच्या गेममध्ये तुझ्या तोडीचं इथे कुणीच नव्हतं. गेममधला सरावाचा पुतळा ठरल्या वेळी ठरलेलंच करतो, म्हणून कंटाळून तू मला बसवलंस. ‘आई, तुला काही यायला नको. हे बटण ठोशाचं, ही दोन पकडीची. मनाला येईल तेव्हा दाब, मी सोडवते.’ आणि तू दहातल्या नऊ पकडी सोडवायचीस. मी म्हणायचे, पोरीचे डोळे आहेत की सुया! ठोसा मी सहज मारायचे. पकड मात्र एकदा घातली की मागे घेता येत नाही, म्हणून जरा मन घट्ट करून घालायचे.

काल मी डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. ठोशाला काही आवाज नाही. पकडीच्या आधी दर वेळी ‘हं’. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही, तरी पडद्याकडे न बघता एकूण एक पकड ओळखली.

तरी खात्री वाटेना. आज सकाळी कामावर, बाबा जिथे कटिंग मास्तर होते तिथेच, काजं करणारीला विचारलं, कापताना मी काही बोलते का गं? ती हसायलाच लागली. ‘अगंबाई, तुला माहीतच नाही? मास्तर गेले तरी त्यांचं हं टेबलावर आहेच की! आम्ही सगळ्या ऐकतो.’ तीन वर्षं मी त्यांच्यासारखी बोलतेय आणि मला पत्ता नाही.

आता तुझी ती स्पर्धा आठव. कानांवर हेडफोन, समोर अनोळखी मुलगी. तिच्या सात पकडी, तुझ्याकडून एकही सुटली नाही. परत आल्यावर तू म्हणालीस, ‘मी घरातच शूर, आई. हातच मंद आहेत माझे.’ मला वाटलं, घाबरली असेल. घाबरली नव्हतीस गं. तुला बिचारीला तिथे माझं ‘हं’ ऐकूच आलं नाही. वर्षभर तू कानांनी खेळत होतीस, आणि ते तुलाही कळलं नाही आणि मलाही. मीही वाचायला एकटीच शिकले. चुकलं तर टोकायला कुणी नव्हतं, आणि एकटीने शिकलं की चूकही आपल्याबरोबर शहाणी होत जाते. बाबांनी एकदा मोठ्याने वाचायला लावलं, तेव्हा कुठे माझ्या चुका बाहेर पडल्या.

येत्या रविवारी तू तो गेम आणि कंट्रोलर होस्टेलच्या खोलीतल्या मैत्रिणीला देऊन टाकणार आहेस, म्हणून ही घाई. देऊ नकोस. शनिवारी सगळं घेऊन घरी ये. आज दिवसभर दातांत खडू धरून कापड कापलं. दुपारपर्यंत तीनदा ‘हं’ निसटलं, नंतर एकदाही नाही. तुझ्यासमोर मी दगडासारखी गप्प बसेन. पहिले काही दिवस तू हरशील, माझ्याकडूनसुद्धा. हर. डोळ्यांना शिकू दे. बाबांचं ‘हं’ मी कापडापुरतं ठेवते. तेवढं मला राहू दे.

तुझीच, खडू चावून तोंड पांढरं झालेली,
आई